उचलता येईल तेवढंच

हरीभाऊंच्या वर्कशॉपात एकच नियम होता आणि तो कुठे लिहून लावलेला नव्हता. पाणी यायच्या आत जेवढ्या मोटारी माळ्यावर चढवता येतील, तेवढीच यंत्रं ठेवायची. महाडात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, सावित्री नदीच्या अंगाला ज्याचं दुकान आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वर महाबळेश्वराला पाऊस कोसळतो, खाली खाडीला भरती लागते, नदी मधल्यामध्ये कोंडते आणि मग सरळ लोकांच्या घरात शिरते. किराणावाला साखरेची पोती वर टाकतो, कापडवाला तागे वर टाकतो. हरीभाऊ मोटारी वर टाकत.

लेथच्या लोखंडाची त्यांना फिकीर नसे. ग्रीस फासून ठेवलं की लोखंड पाण्यात निवांत बसून राहतं. पूर ओसरला की चिखल खरवडायचा, डिझेलने धुवायचं, तेल द्यायचं, की चाललं पुन्हा. मोटारीचं तसं नाही. तिच्या पोटात तांब्याच्या तारा असतात, त्यांना गढूळ पाणी लागलं की ती गेलीच म्हणून समजा. म्हणून माळ्याच्या गर्डरला एक चेनपुली बारा महिने लटकलेली असे. एकाने खाली बोल्ट सोडायचे, दोघांनी साखळी ओढायची. चार यंत्रं, चार मोटारी. एकवीस सालच्या पुरात पाणी शटरच्या वर गेलं. मोटारी दुरुस्त करणाऱ्यांकडे दिवाळीपर्यंत रांगा होत्या आणि हरीभाऊंचं वर्कशॉप गणपतीच्या आत सुरू झालं होतं. ही हकिकत ते इतक्यांदा सांगत की ती सुरू झाली की त्यांची बायको चारुलता चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाई.

त्याच पुरानंतर नियमाला एक पुस्ती जोडली गेली. तिचं कारण रामा.

रामा हा त्यांचा टर्नर, लेथवरचा कारागीर. वर्कशॉपात पहिला लेथ आला त्याच वर्षी तो आला आणि दोघांचे केस बरोबरच पांढरे झाले. वरंधच्या वर डोंगरात खडपाची वाडी म्हणून मोजकी घरं आहेत, तिथला तो. आठवडाभर महाडात राहायचा, रविवारी वाडीवर जायचा. मूलबाळ नव्हतं. बायको तुळसा वाडीवर चार म्हशी आणि थोडी नाचणी सांभाळायची. एकवीसच्या पावसात रामाच्या गोठ्यामागे डोंगराला भेग पडली. सुरुवातीला तिच्यात काठी जायची, पुढल्या वर्षी हात जायला लागला. मोठा पाऊस आला की सगळ्या वाडीने खाली वरंधच्या शाळेत येऊन राहायचं, असं सरकारी माणूस दरवर्षी येऊन सांगायचा. लोक यायचेही. तुळसा मात्र म्हशी सोडून हलायची नाही. आणि म्हशी रामाच्या हाळीशिवाय तो घसरडा उतार उतरायच्या नाहीत. वाटेत एक ओढा होता, त्याच्या काठाशी येऊन त्या पाय रोवून उभ्या राहायच्या.

हरीभाऊंनी तेव्हा रामाला शब्द दिला होता. "मोबाइलवर रेड अलर्ट आला की तू निघायचं. मला विचारायचंसुद्धा नाही. हातातला जॉब लेथच्या चकमध्ये तसाच राहू दे."

म्हणजे नियम आता असा झाला, की रामा नसतानाही उचलता येईल तेवढंच. चार मोटारी हरीभाऊ आणि शेजारचे कुणी दोघं एवढे मिळून उचलू शकत होते. हिशेब बसत होता. हरीभाऊ सुखाने झोपत होते.

मुलगा आमोद चाकणला एका कारखान्यात नोकरी करून परत आला, आणि घरच्या धंद्यात लक्ष घालायला लागला. पोरगा वाईट नव्हता. उधळ्या नव्हता, आळशी तर नव्हताच. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीला पंपाचे शाफ्ट आणि स्लीव्ह लागतात, ते पुण्याहून येतात, आपण का देऊ नये, एवढाच त्याचा साधा प्रश्न होता. त्याने नमुना करून दिला. नमुना पसंत पडला. मग कोल्हापूरहून दोन जुने लेथ आले. मग तिसरा. आणि मग फेब्रुवारीत ट्रेलरवरून, गल्लीतल्या तारा बांबूने वर धरत, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र. मागच्या बाजूला त्याचं पॅनल, म्हणजे त्याची सगळी अक्कल.

"आधी उंचावर जागा घे, मग मशीन," हरीभाऊ म्हणाले होते.

"वरची जागा मिळायला वर्ष जाईल, बाबा. ऑर्डर वर्षभर थांबते का? एकच पावसाळा काढायचाय. दिवाळीनंतर सगळं वर हलवू."

"आणि पावसाळ्यात?"

"पॅनल सुटतं. कंपनीच्या इंजिनिअरने दाखवलंय मला आणि रामाकाकांना. मे महिन्यात एकदा सगळं उचलून बघू."

मे महिन्यात खरोखरच सगळं उचलून पाहिलं. रामाने पॅनलच्या प्रत्येक वायरीला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली होती. नवी घेतलेली दासगावची दोन माणसं साखळीला होती. घाम गाळून काम झालं, वर भजी मागवली.

"आणि रामा नसला तर?" हरीभाऊंनी भजं हातात धरून विचारलं.

"हे दोघं आहेत की," आमोद म्हणाला.

हरीभाऊ यावर अडून बसले असते तर बसू शकले असते. जागा त्यांच्या नावावर होती. पण खरी गोष्ट अशी, की त्या आधीच्याच आठवड्यात कंपनीचा मॅनेजर स्वतः गाडी घेऊन गल्लीत आला होता, आणि त्यांच्याच स्टुलावर बसून चहा प्याला होता. ज्या गेटांवर हरीभाऊंनी हातात पिशवी घेऊन काम मागत उन्हात जन्म काढला, त्यातल्या एका गेटाच्या आतला माणूस आपल्या दारी आला. म्हाताऱ्याला ते चढलं. त्यांनी भजं खाल्लं आणि विषय सोडून दिला. सीएनसीच्या पूजेचा नारळही त्यांनीच फोडला होता, हे ते नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

जुलैत तो दिवस आला. सकाळीच सगळ्यांचे मोबाइल एकदम केकाटले. रामाने लेथ बंद केला, हात पुसले आणि रेनकोट घेतला.

"निघतो शेट."

"नीघ," हरीभाऊ म्हणाले. मनापासून म्हणाले. त्याच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ते दारात उभे होते.

दुपारपर्यंत पाऊस असा झाला की समोरचं दुकान दिसेना. महाबळेश्वरहून फोन आला, तिथे ढगच फुटल्यासारखं झालंय. भरती संध्याकाळची होती. आमोदने दासगावच्या दोघांना फोन लावले. दोघं सकाळी आलेच नव्हते आणि आता येणार नव्हते, कारण सावित्री चढली की दासगावचा रस्ता महाडच्या आधी बुडतो. हे महाडात शाळेतल्या पोराला माहीत असतं. माणसं कामावर घेताना ते आमोदला आठवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हरीभाऊंनाही नाही. शेजारचे आपापली पोती आणि तागे वर चढवण्यात गुंतले होते. कुणाला हाक मारणार?

बापलेकांनी जुन्या लेथची एक मोटार उतरवली आणि साखळीला लावली. हरीभाऊंचे खांदे आता सत्तरीला आलेले. मोटार अर्ध्यावर लटकली आणि त्यांच्या छातीत कळ आली. आमोदने एकट्याने ती वर नेली, मग वळून त्याने उरलेल्या यंत्रांकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"रामाकाकांना बोलवायला हवं."

"नाही."

"बाबा, पॅनल मला एकट्याला निघणार नाही. पाणी लागलं तर आपण संपलो. मशीनच्या कर्जाला घरसुद्धा तारण आहे. तुम्हाला माहितीय."

त्याने फोन लावला. रस्त्यात आडवं पडलेलं झाड हटवण्यात रामाची सकाळ गेली होती; आता बिरवाडीच्या पुढे एका टपरीत तो पावसाचा जोर जरा ओसरायची वाट बघत थांबला होता. आमोद बोलला, विनवणी केली. रामा म्हणाला, "नाय जमायचा दादा, मला वाडीवर जायचं हाय." आमोदने फोन बापापुढे धरला.

हरीभाऊंनी तो घेतला नसता तर? हा प्रश्न पुढे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा विचारला की त्याची धार गेली. त्या क्षणी मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे भेग नव्हती, तुळसा नव्हती. खाली उरलेल्या मोटारी होत्या आणि पोराचा पांढरा चेहरा होता.

"रामा," ते म्हणाले, "दोन तासांचं काम आहे रे. तेवढं उरकून दे आणि जा. अंधाराच्या आत पोचशील."

"शेट, तुळसा गाठोडं बांधून दारात उभी हाय."

हरीभाऊंनी लोंबत्या साखळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?"

पलीकडे पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकू येत होता.

"येतो," रामा म्हणाला.

तो आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता. पाना घेतला आणि कामाला लागला. तो बोल्ट सोडत होता, आमोद साखळी ओढत होता, हरीभाऊ लेथच्या अंगाला ग्रीस फासत होते. मध्ये एकदाच त्याने मोबाइल खांद्यात दाबला आणि हात न थांबवता बायकोशी बोलला. हरीभाऊ दोन हातांवर होते, त्यांना सगळं ऐकू आलं.

"अगो, तू जा शाळेत. सगळ्यांबरोबर जा. म्हशींना ऱ्हाऊदे... मी येतो ना... अगो, मला उशीर हाय थोडा... ऐक, तुळसा. बरं. बरं, थांब मग. मी आलोच."

फोन खिशात टाकून त्याने पुढचा बोल्ट सोडला.

लेथच्या मोटारी सगळ्या वर गेल्या. गल्लीच्या टोकाला पाणी दिसायला लागलं होतं, पण अजून रस्त्याने मोटारसायकल गेली असती. रामाने पाना खाली ठेवला आणि हरीभाऊंकडे पाहिलं. परवानगी मागत नव्हता तो. फक्त पाहत होता.

"काका, पॅनल तेवढं," आमोद म्हणाला. "तेवढंच राहिलंय. त्याच्यासाठीच तर..."

रामा अजून हरीभाऊंकडेच पाहत होता. हरीभाऊंनी ग्रीसने माखलेल्या हातांकडे नजर वळवली. जा, असं एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. तो त्यांच्या तोंडून निघाला नाही.

पॅनल वर गेलं. एकही वायर तुटली नाही, एकही चिकटपट्टी सुटली नाही. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवेपर्यंत पाणी शटरखालून आत सरकलं, तांबूस आणि गार, आणि लेथच्या पायांशी जमायला लागलं. रामा शिडीवरून उडी टाकून खाली उतरला. गल्लीत तो कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत गेला. त्याची मोटारसायकल आडवी होऊन भिंतीला लागली होती. पुढे ओढ होती. आमोदने मागून जाऊन त्याला कवेत धरून परत आणलं नसतं, तर तो गेलाच असता. त्याने आमोदला ढकललं, शिवी दिली. रामाच्या तोंडून शिवी हरीभाऊंनी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

रात्र तिघांनी माळ्यावर मोटारींच्या मध्ये बसून काढली. टॉवर गेला होता, फोन लागत नव्हते. रामा तरीही लावत होता.

पाणी उतरायला लागलं तशा बातम्या आल्या. वाडीवरची माणसं शाळेत होती म्हणून वाचली, असं पहिल्यांदा कळलं. मग सगळी नाही, असं कळलं. रस्ता मोकळा झाल्यावर रामा जेसीबीच्या मागोमाग पायी वर गेला.

गावात एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. जो तो हरीभाऊंना येऊन सांगायला लागला, "तुम्ही बोलावून घेतलंत म्हणून रामा तरी वाचला. नाहीतर तोही गेला असता. देवच तुमच्या तोंडून बोलला." चारुलतानेही हेच सांगितलं, नवऱ्याच्या ताटात भात वाढताना, त्याच्याकडे न बघता. हरीभाऊंनी ते धरून ठेवलं. बुडत्या माणसाने हाताला लागेल ते धरावं तसं धरलं. चार-पाच दिवस ते त्याच्यावर जगले. देवापुढे बसून त्यांनी तसं म्हणूनही पाहिलं.

मग ते वाडीवर गेले. जायलाच हवं होतं. वाडी आता नव्हतीच म्हणा. वरच्या अंगाची तीन घरं आणि रामाचा गोठा होता तिथे उघडी लाल माती होती, आणि तीत कुणाचं तरी फणसाचं झाड उलटं रोवलेलं. रामा भेटला नाही, तो खाली शाळेत होता. पडवी शिल्लक राहिलेल्या एका घराशी अंबूबाई बसली होती. ती रामाची चुलती. तिने हरीभाऊंना ओळखलं.

"शेट ना तुम्ही? बसा."

ते बसले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "रामा इथे असता तर तोही..."

"कसा?" म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आमी समदी दुपारचीच उतरलो. डोंगर आला दिवेलागणीला. रामा दुपारचा आला असता तर म्हशी घेऊन कवाच खाली गेली असती दोघं. दरसाल जात्यात. ती वाट बघत बसली गाठोडं घेऊन. मी बोलले, चल गो. ती बोलली, त्यांनी थांब सांगितलंय, तुमी व्हा पुढं."

हरीभाऊंनी मान खाली घातली.

"शेवटाला तिनं म्हशी सोडल्या वाटतं," अंबूबाई म्हणाली. "म्हशी गावल्या खाली, ओढ्याच्या अलीकडं. उभ्या होत्या चारी. गळ्यातली दावी सोडलेली."

परत येताना गाडीत हरीभाऊंना रडू आलं नाही. त्यांना नुसती शरम वाटत होती, आणि शरमेला रडू येत नाही. आमोद गाडी चालवत होता. वरंध मागे पडल्यावर तो म्हणाला, "बाबा, मी बोलावलं. तुम्ही नाही."

"तुझ्या बोलावण्याने तो आला नव्हता," हरीभाऊ म्हणाले.

वर्कशॉप थांबलं नाही. थांबवून करणार काय होते? चिखल काढला, लेथ डिझेलने धुतले. मोटारी कोरड्या ठणठणीत होत्या, पॅनलवर पाण्याचा थेंब नव्हता. पण वायरी जोडायच्या तर चिकटपट्टीचा कुठला रंग कुठे बसायचा ते एकट्या रामाला ठाऊक. आमोदने कंपनीचा इंजिनिअर बोलवायचं ठरवलं, तो महिन्याने येतो म्हणाला. तेवढ्यात एमआयडीसीतून मॅनेजरचा फोन आला. अख्ख्या महाडात तुमचंच मशीन वाचलं म्हणतात, मग आता दुसऱ्या युनिटचंही काम तुम्हीच घ्या. आमोदने फोन ठेवला आणि बापाकडे पाहिलं. आनंद झाल्याचं लपवायला त्याला जमत नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

तुळसाचे दिवस झाल्यावर एका सकाळी रामा आला. कुणी बोलावलं नव्हतं. डोकं भादरलेलं, अंगात नेहमीचा खाकी शर्ट. हरीभाऊ स्टुलावरून उठले. काय बोलायचं ते त्यांनी किती दिवस मनात घोळवलं होतं, पायाशी बसायचंसुद्धा ठरवलं होतं. रामा त्यांच्या बाजूने पुढे गेला, शिडी लावली आणि माळ्यावर चढला.

दुपारपर्यंत त्याने सगळ्या मोटारी खाली घेतल्या, बसवल्या. मग पॅनल घेतलं. लाल इथे, हिरवी तिथे, न अडखळता एकेक वायर जोडली. आमोदने बटण दाबलं. पांढऱ्या कपाटाच्या आतला दिवा लागला, पडदा उजळला, आणि मशीन घुमायला लागलं.

तेव्हा कुठे हरीभाऊ त्याच्याजवळ गेले. "रामा," ते म्हणाले, "वरची जागा बघितलीय. उंचावर. पुढच्या पावसाच्या आत सगळं तिकडे नेऊ. आणि तू अलर्ट आला की..."

रामा हात पुसत होता. बोट न् बोट, नेहमीसारखं.

"आता कशाला, शेट?" तो म्हणाला. "आता पावसात मला सुट्टी नको. मी हायच हितं. तुम्ही घ्या अजून मशीनं."

त्याने चिंधी खिळ्याला अडकवली, आपल्या जुन्या लेथपाशी गेला आणि अलर्टच्या सकाळपासून चकमध्ये तसाच राहिलेला शाफ्ट फिरवायला सुरुवात केली.